विसूचं रडणं

पहिल्यांदा घडलं ते एवढंसंच. मथुरेने आपलं बोट विसूच्या तळहातात ठेवलं, आणि मूठ मिटली नाही.

गडाची चढण लागून थोडा वेळ झाला होता. एका दगडाला पाठ टेकून ती श्वास घेत उभी होती. खाली डोणज्याची गवती छपरं, सोडून दिलेल्या गाड्या, माना खाली घातलेले बैल. वर घामाने भिजलेल्या पाठींची रांग. गाठोडी, डोल्या, कडेवरची मुलं, कुणाच्या डोक्यावर चक्क जातं. मोगल भीमा उतरला अशी आवई उठली आणि पुण्याच्या पेठा उघड्या दारांनिशी रिकाम्या झाल्या. ज्यांना कधी पर्वतीच्या पलीकडे पाऊल टाकायची वेळ आली नव्हती, ती माणसं वैशाखाच्या उन्हात सिंहगड चढत होती. तिने बोट काढून घेतलं. पुन्हा ठेवलं. तळहात ऊन होता, ओलसर होता, पण त्याला बोटाची ओळख नव्हती. आणि बोट धरणं ही तर त्या दोघांची बोली होती. शनिवार पेठेतल्या त्या अंधाऱ्या माजघरात तो निजायचा तोसुद्धा तिचं बोट आवळून, आणि स्वयंपाकघरातून हाका येत असल्या तरी ती तशीच पडून राहायची, त्याने आपण होऊन सोडीपर्यंत. सोडताना मूठ एकेक बोट उलगडायची, हळूच, जशी संध्याकाळी जाईची कळी. आज ती उलगडलेलीच होती. आधीपासून.

झोपलाय, दुसरं काय, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पाय उचलला. झोपणारच. गोळी तिनेच तर दिली होती. पायथ्याशी गडाचा शिपाई सर्जेराव सगळ्या बायकांना दबक्या आवाजात सांगत फिरला होता, "पल्याडच्या खोऱ्यात पेंढारी उतरल्यात म्हनं. पोरं रडली तर समद्यांच्या जिवावर येईल. काय चाटवायचं ते हितंच चाटवा." मग तिने कनवटीला बांधलेली डबी काढली, अफूचा मोहरीहून बारीक कण दगडावर आपल्याच दुधाच्या थेंबात उगाळला आणि बोटाने त्याच्या टाळूला लावला. त्यात नवल काही नव्हतं. घरी पंगतीचा दिवस असला, पापड लाटायचे असले, की पुण्यातली पोरं अशीच निजत आणि बायकांची कामं उरकत. पण आजच्या झोपेचं वजन वेगळं होतं. झोपलेलं मूल जड होतं, हे तिला ठाऊक होतं; पण ते असं सैल होत नाही. त्याची मान तिच्या खांद्यावरून घसरत होती, ती सावरत होती, ती पुन्हा घसरत होती, आणि तिच्या कानाशी त्याचा श्वास येत होता तो इतक्या उशिराने, की दोन श्वासांच्या मधल्या जागेत तिला आपल्या पायांखालचे खडे वाजलेले ऐकू येत होते.

गोदीही अशीच निजली होती. तिची पहिली. अंगात ताप होता, वैद्यांचा काढा चालू होता, आणि एका दुपारी ती निजली ती निजलीच. घर भरून माणसं आली, आणि सासूबाई प्रत्येकीला सांगत राहिल्या, "शांत गेली हो. कुणाला त्रास दिला नाही पोरीनं." तेव्हा मथुरा कोपऱ्यात बसून ऐकत होती आणि तिलाही ते बरं वाटलं होतं, कारण त्या घरात सगळ्यात मोठी वाखाणणी हीच असे. सुनेची वाखाणणीही तीच. "आमच्या मथुरेचा आवाज म्हणून ऐकू यायचा नाही तुम्हांला." पुढे कधी तरी, कात्रजच्या पाण्याच्या हौदावर कळशी भरताना, ते वाक्य एकाएकी तिला पुन्हा ऐकू आलं होतं. त्रास दिला नाही. द्यायला हवा होता गं, असं ती पाण्याकडे बघून म्हणाली होती. मनात. मग कळशी उचलून घरी आली होती.

तिने विसूचा गाल थोपटला. "विसू. विसोबा. बघ, माकड." त्याची हनुवटी उचलली. ओठ किंचित उघडे, खाली नव्याने डोकावलेले दोन दात. आणि तेव्हा तिला तो डाग आठवला.

पायथ्याशी विसू तिच्या हाती आला तो जमिनीवरून. ती बाहेरची होती, तिसरा दिवस. सबंध प्रवास तिने मागच्या गाडीत, कडब्याच्या पेंढ्यांवर, एकटीने केला होता. सासूबाई पुढच्या गाडीत, सोवळ्यात, कारण घरचे देव त्यांच्या मांडीवर होते आणि देवांसाठी घरून भरून घेतलेल्या पाण्याचा तांब्याही त्यांच्यापाशी होता. बोलायचं नाही, जवळ यायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. विसूला पाजायची वेळ झाली की सासूबाईंनी त्याचं अंगडं उतरवायचं, उघडा करून त्याला मातीत ठेवायचं, मागे सरायचं. मग मथुरेने पुढे होऊन उचलायचं. धायरीला असंच झालं, डोणज्यालाही असंच. मातीत बसून तो टाळ्या पिटत होता, आणि त्याच्या हनुवटीवर तपकिरी ओघळ वाळला होता. गूळ दिला वाटतं आजीनं, असं म्हणत तिने तो पदराने पुसला होता. हसतही होती ती तेव्हा.

आता तिने पदराचं ते टोक शोधलं. घामाने पदर भिजला होता, टोक सापडेना. सापडलं तेव्हा तिने ते नाकाशी धरलं आणि मग जिभेला लावलं. गूळ नव्हता तो. कडू होतं. तिच्या डबीत होतं तेच कडू.

डोंगर जागच्या जागी होता. ऊन होतं. पुढच्या वळणावर कुणी म्हातारा खोकला आणि त्याला कुणी तरी गप्प केलं. तिच्या मनात काहीच आलं नाही, फक्त एक अगदी घरगुती गोष्ट आली, की दूध दोनदा विरजलं की नासतं. आणि त्या क्षुल्लक गोष्टीपाशी तिचं मन हट्टाने घोटाळत राहिलं, पुढच्या गोष्टीकडे जाईना. नवरा फौजेबरोबर लांब होता. सासूबाई पुढे होत्या, रांगेत बऱ्याच वर, डोलीच्या मागे. त्यांच्या लुगड्याचा तांबडा ठिपका वळणावर दिसे आणि दगडांत बुडे. हाक मारायची नव्हती. आणि मारली असती तर काय म्हणून? त्या घरात ती मोठ्याने बोलली होती ती कधी?

तिने वाट सोडली. वाट वळणं घेत जात होती आणि तिला वळणांपुरता वेळ नव्हता. ती सरळ अंगावर गेली, वाळक्या गवतातून, घसरणाऱ्या मुरमावरून. एका हातात विसू, दुसऱ्या हाताला सापडेल ते: करवंदीची जाळी, गवताची मूठ, ऊन खाऊन तापलेला दगड. नऊवारीचा काष्टा काट्यांत अडकून फाटला तो तिला नुसता ऐकू आला. छातीत भाता चालला होता. शनिवार पेठेतल्या घराच्या गच्चीवरून हा गड रोज दिसायचा, निळा, वर सपाट, कुणी बोटाने गंध लावावं तसा. लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवताना ती त्याच्याकडे बघायची आणि तिला वाटायचं, केवढा शहाणा डोंगर आहे, कधी हलत नाही, कधी काही मागत नाही. आता तो तिच्याकडून सगळं मागत होता. प्रत्येक दगड म्हणत होता, आधी मला पाय दे. तिने मान वर केली की तटबंदी उलट आणखी लांब जायची, आणि विसूच्या श्वासांमधली जागा आणखी रुंद व्हायची. रडू आलं तिला. मग ऐकू आले ते सासूबाईंचेच शब्द, नव्या नवरीला घेऊन त्या पहिल्यांदा पर्वती चढल्या तेव्हाचे. मधल्या पायऱ्यांवर तिचा दम संपला होता आणि ती पायरीवर बसून हुंदके देत होती. सासूबाई तेव्हा तरुण होत्या, थोरला विसाजी, मथुरेचा दीर, त्यांच्या पुढे उड्या मारत होता. त्या वाकून म्हणाल्या होत्या, "वर बघत जाऊ नकोस गं बाई. देऊळ कुठं पळत नाही. पायापुढचा दगड बघ." तो विसाजी पुढे फौजेबरोबर उत्तरेत गेला आणि पानिपतावरून आला नाही, आणि दोन वर्षांच्या आत मथुरेला मुलगा झाला तेव्हा सासूबाईंनी कुणाला न विचारता त्याच्या कानात तेच नाव सांगितलं. म्हणजे तिच्या खांद्यावर आता दोघे होते. तिने पायापुढचा दगड बघितला. मग त्याच्या पुढचा.

ती वाटेवर पोचली ती नेमकी सासूबाईंच्या समोर. आणि इतक्या जवळ, की सासूबाई दचकून मागे सरल्या आणि त्यांनी देवांचं गाठोडं छातीशी धरलं.

"अगं! लांब हो, लांब! देव आहेत माझ्यापाशी, डोळे फुटले का?"

वाट तिथे एका माणसापुरतीच होती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोरं. लांब व्हायला जागा नव्हती.

"तुम्ही विसूला गोळी दिलीत?"

सासूबाईंना आधी तो आवाज कुणाचा तेच कळलं नसावं. त्यांनी मागे बघितलं. मग ताठ होऊन म्हणाल्या, "दिली. गाव लागायच्या आत दिली. तू बाहेरची, तुला कुठलं भान! म्हटलं, चढणीत रडला तर पुण्यातली सगळी कुळं आपल्या नावानं बोटं मोडतील. बघ कसा निजलाय माझा राजा. सगळ्या म्हणतात, किती शहाणं—"

"मीही दिली."

सासूबाईंनी गाठोडं आणखी घट्ट आवळलं.

"पायथ्याशी. शिपाई म्हणाला म्हणून. मला ठाऊक नव्हतं. तुम्ही बोलला नाहीत. मी विचारलं नाही." हे सगळं ती मोठ्याने बोलत होती, आणि रांगेतून शू, शू असे आवाज फुटत होते. "हा बोट धरत नाहीये हो."

पुढे थांबलेल्या डोलीचा पडदा हलला. मामंजींचे पाय संधिवाताने सुजलेले, पण जीभ शाबूत होती. "काय चाललंय सूनबाई? मोगलाला आमचा पत्ता कळवायचा राहिलाय का?"

सासूबाई विसूकडे बघत होत्या, त्याच्या उघड्या तळहाताकडे. त्या अशा उभ्या राहिल्या की मथुरेला वाटलं, या आता इथेच खाली बसणार, हिंदुस्थानातून विसाजीबद्दल आलेलं पत्र वाचून दाखवलं त्या दिवशी बसल्या होत्या तशा, उंबऱ्यावर, आणि मग कुणाचाच उपयोग होणार नाही. पण त्या वळल्या आणि देवांचं गाठोडं डोलीत लोटलं.

"हे धरा."

"अगं, मी पारोसा आहे! सोवळं नाही, काही नाही—"

"धरा म्हणते ना!"

आणि त्या परत आल्या, दोन्ही हात पुढे करून. मथुरेच्या उघड्या, घामट, विटाळशी दंडाला त्यांचा हात लागला. कुणाच्याच अंगावर वीज पडली नाही. त्यांनी विसूला घेतलं, त्याच्या पापण्या अंगठ्याने वर केल्या, पालथा करून पाठीवर चापट मारली, तळव्यावर मारली. "ए विसू. ऊठ. ऊठ रे मेल्या." विसूच्या कपाळावर एक आठी आली आणि विरून गेली. "पाणी. पाणी कुणाकडे आहे गं?" मग त्यांची नजर आपल्याच तांब्यावर गेली. आदल्या पहाटे घरच्या हौदातून ओलेत्याने भरलेला, केळीच्या पानाने तोंड बांधलेला, गाडीभर मांडीत सांभाळलेला. आपण गडावर किती दिवस राहणार, घरी परत जाणार की नाही, काही ठाऊक नसताना त्या एवढंच म्हणत आल्या होत्या की देवांना निदान पहिली अंघोळ घरच्या पाण्याची घडेल. त्यांनी पान फाडलं आणि तांब्या विसूच्या डोक्यावर पालथा केला.

तो श्वास घेऊन दचकला. ओठ वाकडे झाले. दोघी बायका त्या वाकड्या ओठांकडे अशा बघत राहिल्या जशा चुलीत फुंकर घालून निखाऱ्याकडे बघतात. रडू आलं नाही. डोळे पुन्हा मिटले.

"चाल," सासूबाई म्हणाल्या. "वर गार पाण्याचं टाकं आहे. चाल. थांबू नकोस. मी घेते, तू मार. तळव्यावर मार."

मग त्या चालल्या. पुढे सासूबाई, त्यांच्या खांद्यावर विसूचं तोंड, आणि मागे मथुरा, त्या तोंडाच्या इतकी जवळ की तिचा श्वास त्याच्या कपाळावर पडत होता. तिने त्याच्या मांडीला चिमटा काढला. आजवर तिने त्याला डास चावू दिला नव्हता. त्याच्या अंगाला पहाटेचं तेल लावताना आपल्या बांगड्या त्याला टोचतील म्हणून ती त्या कोपरापर्यंत मागे सारायची. आणि आता तिच्या नखांना त्याची कातडी लागत होती, मऊ, ओली, घरच्या पाण्याच्या वासाची, आणि ती नखं रुतवत होती. त्याचा गाल आकसला. एक बारीक कण्हणं आलं. "अजून," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. तिने अजून काढला. वाटेच्या कडेला बसलेली एक बाई, स्वतःच्या मुलाचं तोंड पदराने दाबून, तिच्याकडे बघून म्हणाली, "आई आहेस का कोण आहेस गं?" मथुरेने पुढचा चिमटा काढला. तिला वाटलं, ही सगळी वाट गप्प राहून जीव वाचवायला निघाली आहे, आणि आपला जीव तेवढा गप्प राहिला की जातोय. ही एकच वाट आहे आणि आपण दोघी तीच उलटी चढतोय. मग तेही वाटेनासं झालं. दगड, चिमटा. दगड, चिमटा. एका ठिकाणी सासूबाईंचा पाय मुरमावर सरकला आणि मथुरेने त्यांना मागून कमरेत धरलं, घट्ट, दोन्ही हातांनी, जसं तिने त्यांना इतक्या वर्षांत कधी धरलं नव्हतं. म्हातारीचं अंग तिला वाटलं होतं त्याहून हलकं निघालं. नुसती हाडं. आतलं काळीज कबुतरासारखं फडफडत होतं. "माझ्या हातून दुसरा जातोय गं," त्या खोऱ्याकडे बघत म्हणाल्या. मथुरा म्हणाली, "वर बघू नका. पायापुढचा दगड बघा." त्यांना ओळख पटली की नाही कोण जाणे. त्यांनी पाऊल उचललं.

दरवाजाशी गर्दी तुंबली होती. जवळच्या वाटेने वर आलेला सर्जेराव एकेकाला आत सोडत होता. मथुरेने दोन्ही कोपरांनी वाट काढली. कुणी शिव्या दिल्या, कुणी "विटाळ, विटाळ" म्हणून ओरडलं, तशी गर्दी आपसूक फाकली, आणि पहिल्यांदाच त्या शब्दाचा तिला उपयोग झाला. टाक्याचं पाणी कातळाच्या पोटात काळंभोर होतं. सासूबाई काठावर बसल्या आणि त्यांनी विसूला गळ्यापर्यंत त्यात बुडवून वर काढलं, पुन्हा बुडवलं.

तिथेच तटावर माणसं दाटून उभी होती. सगळी उत्तरेकडे बघत होती. दूर खाली, पर्वतीच्या टेकाडापलीकडे, धूर होता. कुणी म्हणत होतं तो गंजींचा आहे, कुणी म्हणत होतं तो पेठांचा; कुणी घराची दिशा बोटाने दाखवत होतं आणि दुसरा ती खोडून काढत होता. बायका रडत होत्या, पुरुष रडत होते, वाटभर दाबून धरलेलं सगळं आता तटावर मोकळं सुटलं होतं. शनिवार पेठ, माजघर, गच्चीवरच्या बरण्या, जाईचा वेल, सगळं त्या धुरात असेल किंवा नसेल. मथुरेने एकदाही तिकडे पाहिलं नाही. एवढं रडणं चाललं होतं तिच्याभोवती, आणि तिला त्यातलं एकच हवं होतं.

ते आलं तेव्हा ते रडण्यासारखं नव्हतंच. आधी एक उचकी, मग दाराची बिजागरी कुरकुरावी तसा आवाज, मग तोंड चौकोनी झालं आणि थंडीने निळ्या पडलेल्या ओठांमधून तो आला, चिरका, रागावलेला, अन्याय झाल्यासारखा. सासूबाईंनी त्याला पदरात गुंडाळलं. दरवाजावरून सर्जेराव धावत आला. "आजी, पोर गप करा. आजून रांग खाली हाय, आवाज खोऱ्यात जातोय."

"नाही करणार," सासूबाई म्हणाल्या.

"आवो पन—"

"इथे सगळं पुणं गळा काढतंय, त्यांना सांग. हा नाही गप्प होणार. जा."

सर्जेराव उभा राहिला, त्याने दोघींकडे बघितलं, विसूच्या मांडीवरचे काळेनिळे वळ बघितले, आणि गेला.

ऊन उतरायला लागलं. विसूचं रडणं मधूनच खाली यायचं, पापण्या जड व्हायच्या, आणि दोघी एकदमच त्याच्यावर वाकायच्या. तो अजून वाचलेला नव्हता, हे दोघींना कळत होतं. त्या विषाला उतरायला वेळ लागणार, तोवर त्याला निजू द्यायचं नाही. सासूबाईंचं लुगडं चिखलाने भरलं होतं. त्यांनी अंघोळीचं नाव काढलं नाही. त्या मथुरेला लागून, खांद्याला खांदा टेकून, तशाच कातळावर बसल्या होत्या, आणि डोलीतून मामंजी विचारत होते की हे देव आता ठेवायचे तरी कुठे.

मथुरेने बोट त्याच्या तळहातात ठेवलं. काही झालं नाही. ती तशीच थांबली. मग अगदी हलकेच, आहे की नाही असं वाटावं इतकं, त्याच्या बोटांनी तिच्या बोटाला विचारलं, कोण?

"रड," ती म्हणाली. "रड रे माझ्या सोन्या. त्रास दे." आणि चिमटा काढायला दुसरा हात उचलला, पण तिची बोटं चढणीवर दगड धरून सोलली होती, सुजली होती, त्यांत जोर उरला नव्हता. विसू नुसता कुरकुरला. डोळे मिटायला लागले.

सासूबाईंनी तिचा हात बाजूला केला.

"तू जरा टेक," त्या म्हणाल्या. "आता मी."